पोटाचा घेर किती?

सध्या मी भेटेल त्याला पोटाचा घेर विचारते आहे. जाऊबाईंना विचारला, दूधवाल्याला विचारला, परवा एका लग्नात नवरदेवाच्या मामांनाही विचारला. तेव्हा आमच्या ह्यांनी मला हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. पण मी तरी काय करू? लागतं काय, तर शिंप्याकडे असते ती मोजपट्टी! बायकांचा घेर 80 सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषांचा 90 च्या वर गेला की सावध व्हायचं, मग वजनकाटा काहीही म्हणो. पन्नाशी उलटेपर्यंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता कळल्यावर गप्प बसवत नाही.

सांगितलं ते आमच्या आशाताईने. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म असतो, तो भरायला ती घरी आली होती. वय किती, तंबाखू खाता का, दारू घेता का, अंगमेहनत किती, आई-वडील-भावंडांत कुणाला शुगर, बीपी आहे का, आणि कंबर. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी बोलावणं. परीक्षेत कमी गुण मिळावेत म्हणून मी पहिल्यांदाच देवाचा धावा करत होते! सासूबाईंना तिने विचारलं, “आजी, मशेरी लावता?” सासूबाईंनी अशा काही नजरेने माझ्याकडे पाहिलं, जणू चुगली मीच केली होती.

सासूबाईंची शुगर जुनी. त्यांच्या गोळ्या उपकेंद्रातून येतात. पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलंय, पण गावाला ते उपकेंद्रच. तिथे बोटाला टोचून साखर बघतात, बीपी बघतात, गोळ्या देतात, आणि मग ज्यांना ज्यांना शुगर आहे त्यांना उपकेंद्राच्या मॅडम वऱ्हांड्यात सतरंजीवर गटाने बसवून समजावतात. मी सासूबाईंना सोबत म्हणून गेले होते. भाजी निवडायला बरोबर घेतली होती. ती तशीच राहिली.

कारण तिथे जे ऐकलं! सासूबाईंची वर्षानुवर्षांची तक्रार अशी, की “रात्री कपभर दूध पिऊन झोपते, तरी सकाळची साखर वाढलेलीच.” घरात आम्हाला वाटायचं, म्हातारी रात्री गुपचूप डबे उघडते. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “आजी, तुम्ही झोपता, तुमचं यकृत झोपत नाही.” पोट रिकामं असलं की यकृत स्वतःच साठ्यातली साखर रक्तात सोडतं, मेंदूला रात्रभर पुरावी म्हणून. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला वेळेवर आवर घालतं. मधुमेहात तो आवर सुटतो. म्हणजे बिचाऱ्या सासूबाई निर्दोष! वऱ्हांड्यातल्या निम्म्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. घरोघरी हाच खटला चालू असणार.

मग तीन महिन्यांच्या सरासरीची ती तपासणी, एचबीएवनसी. हे नाव मी रिपोर्टांवर पाहिलं होतं, पण त्यात इतकी गंमत दडलेली असेल असं वाटलं नव्हतं. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि चिकटूनच राहते. पेशी जगते साधारण 120 दिवस. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून डॉक्टरांना फसवता येत नाही. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं सगळं तिथे मांडलेलं असतं, दिवाळीच्या करंज्यांसकट. 6.5 टक्के किंवा त्यावर गेलं की मधुमेह, 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. अंगात रक्त कमी असेल तर मात्र हा आकडा चकवू शकतो, हेही मॅडमनी सांगितलं. आमच्याकडच्या बायकांसाठी ही बारीक गोष्ट नाही. माझा आकडा पुढे 5.9 आला. उंबरठ्यावरच, पण ह्या पायावरून त्या पायावर.

आता पुण्याची गोष्ट. ती वाचून तर मी ताडकन उठून बसले. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघे शेजारी उभे. उंचीच्या हिशेबाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचाही एकच, 22.3. म्हणजे दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! आणि हे म्हणे जन्मापासूनच असतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण किलोने हलकी भरली, पण ती कमतरता स्नायूंची आणि अवयवांची, चरबी फारशी कमी नव्हती. “मी कुठे जाड आहे?” म्हणत फिरणारे आमच्या गावातले सगळे काटकुळे काका डोळ्यांसमोर आले. तेव्हापासून पर्समध्ये मोजपट्टी असते.

आणि शतपावली! आजीच्या तोंडून ऐकलेली, आणि म्हणूनच कधी मनावर न घेतलेली. स्नायू हलायला लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता ओढून घेतात. जेवल्यावर साखर चढू लागते, नेमकं तेव्हाच चाललं तर तिचा चढ कमी होतो. शंभर पावलं थोडी आहेत, दहा-पंधरा मिनिटं हवीत, पण दिशा आजीने बरोबर दाखवली होती. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उंबरठ्यावरच्या 531 माणसांचे गट पाडले आणि तीन वर्षं पाहिलं. नुसता साधा सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्के मधुमेही झाले, आणि चालणं-खाणं नीट सुधारून घेतलेल्यांपैकी 39. मेटफॉर्मिनची गोळी दिलेला गटही जवळपास तिथेच आला. चालणं गोळीच्या तोडीस तोड! (ज्यांना मधुमेह झालेलाच आहे त्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये. आमच्या वऱ्हांड्यातल्या गटातल्या अण्णांनी केली होती, त्यांची साखर पुढच्या खेपेला चारशेच्या घरात होती.)

वऱ्हांड्यातली खरी मजा मात्र जेवणावरून होते. डॉक्टरांच्या खोलीत माणूस “गोड खात नाही” एवढं म्हणून सुटतो. इथे समोर शेजारीण बसलेली असते, ती सुटू देत नाही. “गोड नाही खात, पण चहा किती वेळा? आणि त्यात गूळ घालतेस ना?” गुळानेही साखर वाढतेच, हे ऐकून आमच्या ऊसपट्ट्यात सन्नाटा पसरला. भाकरी चालते म्हणून चार भाकऱ्या चालत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, चतुर्थीला खिचडीची ताटली रिचवणं हा उपवास शरीराला कळतच नाही. कारल्याच्या रसाने मागची जिलबी पुसली जात नाही. मग एकीने विचारलं, “सप्त्यातला महाप्रसाद कसा नाकारायचा?” त्यावर अर्धा तास चर्चा झाली. निघालं ते असं: आधी आमटीतली डाळ आणि भाजी, भात शेवटी आणि अर्धा, आणि वाढणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं. वाढणारा गटातल्याच कुणाचा तरी मुलगा असतो. गावाचा हा फायदा शहरातल्या मोठ्यातल्या मोठ्या दवाखान्याला नाही.

उलटी गोष्टही तिथेच कळली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन कडकडीत उपवास केला तर साखर घसरते, 70 च्या खाली. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. सासूबाईंना एकादशीला येणारी ‘घेरी’ भक्तीची नव्हती तर! आता एकादशीच्या आधी त्या मॅडमना विचारतात की गोळीचं काय करायचं. विठ्ठलाची काही हरकत दिसली नाही.

आणि पाय. मॅडमनी एक जाडसर नायलॉनचा धागा काढला, तो तळपायाला टेकवला की वाकतो. डोळे मिटायचे आणि लागला की सांगायचं. वारीला दरवर्षी जाणारे एक आजोबा शांत बसून होते. धागा तीन ठिकाणी टेकला, त्यांना पत्ता नव्हता. नसा बधिर झाल्या की काटा, चटका, चप्पल चावलेली, काहीच कळत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तळव्याला फोड येतात, तेही दुसऱ्या दिवशी मोजा रक्ताने भिजला की लक्षात येतं. त्यांच्या सुनेला रोज रात्री तळपाय बघायचं काम लागलं आहे. आजोबांना ते फार अवघड जातं, सुनेने पायाला हात लावायचा म्हणजे. मग मॅडमनी जमिनीवर आरसा ठेवून स्वतःच बघायला शिकवलं.

हे सगळं जुळवून आणणारी आशाताई दारोदार फिरते, कोण गोळ्या न्यायला आलं नाही ते पाठ ठेवते, आणि मानधनासाठी तिच्यासारख्यांना मुंबईत आझाद मैदानावर जाऊन बसावं लागतं. यावर मी बोलायला लागले की माझंच बीपी वाढतं, म्हणून थांबते.

पुढचा नंबर डोळ्यांचा. मधुमेहाने पडदा खराब होऊ लागतो तेव्हा सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून आतून बघावा लागतो. त्यासाठी तालुक्याला जायचं, थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, एकट्याने परत येणं कठीण. म्हणून गटाने मिळून जीप ठरवली आहे. पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून अण्णा आणि सासूबाईंचं आत्ताच वाजलं आहे. डबे काय न्यायचे, ते ठरवायला आज संध्याकाळी सगळ्या आमच्या ओसरीवर जमणार आहेत.