३२० रुपये

२००७ साली मी शिक्षणसेविका होते. दरमहा ३ हजार रुपये मानधन आणि ३ वर्षं नीट काढली तर पुढे कायम, असा तो काळ. त्या वर्षी तालुक्याच्या गावी १० दिवसांचं प्रशिक्षण लागलं. आमच्या भीमाकाठच्या गावापासून एसटीचं भाडं १६ रुपये. जाऊन-येऊन ३२. दहा दिवसांचे झाले ३२०, म्हणजे मानधनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त. आदेशाच्या शेवटी एक ओळ होती : 'प्रवासखर्च नियमानुसार देय राहील.'

तेव्हा कंडक्टर पेटीतून १०चं, ५चं, १चं अशी तिकिटं फाडून, चिमट्याने भोकं पाडून हातात देत. एका फेरीची तीन, म्हणून वीस फेऱ्यांची साठ. ती साठ चिटोरी मी कोऱ्या कागदांवर तारीखवार डकवली, वर बिल लावलं आणि पंचायत समितीत नेऊन दिलं.

बिल परत आलं. उपस्थितीचा दाखला जोडलेला नव्हता. तो लागतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. दाखला जोडला, तर मुख्याध्यापकांची प्रतिस्वाक्षरी हवी म्हणाले. ती आणली, तर नावाची अडचण निघाली. प्रशिक्षणाच्या यादीत माझ्या नावातल्या 'ख'चा 'क' झाला होता. आपल्या नावांचं हे नेहमीचंच. रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, मतदारयादीत तिसरं. यादी लिहिली त्यांनी, पण 'ही व्यक्ती मीच' असं हमीपत्र द्यायचं मी! तेही दिलं. मग उत्तर मिळालं, "अनुदान नाही. मार्चनंतर बघू."

मार्चनंतर गेले तेव्हा टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा रकमेसाठी किती खेटे घालता? सोडून द्या की." त्यांच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. त्यांच्या एका टेबलावर तिघांचं काम होतं. सोडून देणारे त्यांना रोज भेटत असणार.

अब्बा बागवान. आठवडी बाजारात फळं विकून आम्हा भावंडांना शिकवलं. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "हक का पैसा है, छोडनेका नै. उधारी मांगते टायम आवाज नीचे रखना, वही उप्पर."

मी वही घातली. कोणत्या तारखेला गेले, कुणाला भेटले, काय उत्तर मिळालं, सगळं लिहू लागले. तोवर कागद टेबलावर हातोहात देत होते. आता आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. हातोहात दिलेला कागद कुठे गेला, हे कुणालाच विचारता येत नाही. क्रमांक असला की विचारता येतं.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा, तेव्हा नवाच होता. साध्या कागदावर अर्ज लिहिला, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. माहिती कशासाठी हवी, हे अर्जात सांगावं लागत नाही. उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. कायदा पैसे मिळवून देत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून एवढंच विचारलं की, या आवक क्रमांकाच्या बिलावर आजवर काय कार्यवाही झाली, त्याच्या टिपणीची प्रत द्यावी.

टिपणी हातात आली तेव्हा कोडं उलगडलं. आम्हा २४ जणांची बिलं एकत्रच मंजुरीला जायची होती. त्यांतल्या नऊ जणांच्या त्रुटी बाकी होत्या, म्हणून सगळा गठ्ठा अडला होता. त्या नऊ जणांना हे माहीतच नव्हतं. काहींनी तर नाद सोडला होता. केंद्राच्या मासिक बैठकीत मी ती प्रत सगळ्यांपुढे ठेवली. कुणी दाखला आणला, कुणी सही. ज्यांची तिकिटं हरवली होती, त्यांनी तसं लिहून दिलं. आठवड्याभरात नऊही बिलं पुरी झाली.

प्रशिक्षणानंतर चौदाव्या महिन्यात ३२० रुपये खात्यावर जमा झाले. अम्मीने हिशेब मांडला. खेट्यांच्या सहा फेऱ्यांचे १९२, कोर्ट फी तिकिटाचे १०. उरले ११८. "झेरॉक्सचे धर," ती हसून म्हणाली. या खेट्यांचं बिल कुठे लावायचं, हे कोणत्याच आदेशात नसतं. म्हणून तर माणसं सोडून देतात. आणि सोडून देण्याजोगी रक्कम ज्याला खरोखर जड जाते, त्याच्याकडेच खेटे घालायला पैसा नसतो. चोवीस जणांचे पैसे सुटले, यावर अम्मी मात्र खूश होती.

आज मी मुख्याध्यापिका आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकांचं मानधन २०२३पासून १६ हजार झालं. प्रशिक्षणाचा आदेश आला की मी नव्या मुलांना तिकिटं जपायला सांगते, दाखला तिथूनच मागून घ्यायला सांगते, यादीतलं आपलं नाव पहिल्याच दिवशी तपासायला सांगते. आणि त्यांचं बिल माझ्या टेबलावर आलं की प्रतिस्वाक्षरी त्याच दिवशी करते.