चेंगदूत चहाला बसताना

चेंगदूच्या पीपल्स पार्कमधलं हेमिंग चहाघर 1923 सालचं. तळ्याच्या काठी, झाडांच्या सावलीत बांबूच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि सकाळी दहालाच त्या भरलेल्या. धामणगावहून रेल्वेने मुंबई, पुढे बँकॉकला विमान बदलून चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या या राजधानीत आलो ते चहाघरं पाहायलाच.

चमेलीच्या फुलांचा वास दिलेला चहा मागवला. खाली बशी, वर बिनकानाची वाटी, वाटीवर झाकण. या तिन्हींना मिळून गायवान म्हणतात. वाढणाऱ्या बाईंनी उकळतं पाणी ओतलं, पत्ती भोवऱ्यासारखी फिरली आणि हळूहळू तळाशी बसली. दूध नाही, साखर नाही. शेजारी गरम पाण्याचा थर्मास ठेवून त्या निघून गेल्या. पहिल्याच घोटाला पत्ती ओठांना चिकटली, तेव्हा शेजारच्या आजोबांनी आपली वाटी उचलून दाखवलं: झाकणाच्या कडेने पत्ती मागे सारायची, झाकण किंचित तिरपं ठेवायचं आणि त्या फटीतून प्यायचं. बशीसकट उचललं की बोटं भाजत नाहीत. दुसऱ्या पाण्याचा चहा पहिल्यापेक्षा सरस लागला. पाणी हवं असेल तर झाकण बशीला टेकवून ठेवतात. थोडं फिरून यायचं असेल तर खुर्चीवर ठेवतात, मग त्या जागेला कुणी हात लावत नाही.

भोवती पत्ते, गप्पा, वर्तमानपत्रं. कान कोरणारे लोखंडी चिमटा टण्ण वाजवत गिऱ्हाईक शोधत होते.

चहाच्या पैशात इथे बसायला जागा मिळते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. आपल्याकडे कापूस घेऊन आलेला कास्तकार लिलावाची वाट पाहत गाडीच्या सावलीत दिवस काढतो. घोटभर चहा उभ्यानेच, कारण मागे दुसरा उभा. त्याला दिवसभर टेकता येईल अशी एक जागा आणि गरम पाण्याची एक किटली बाजारात असायलाच हवी. कापूस आणि चहा यांचं नातं तसं जुनं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी चीनमधल्या कँटनला जात आणि त्या पैशातून इंग्रज चहा विकत घेत. पुढे कापसाची जागा बरीचशी अफूने घेतली, आणि त्यातून 1839 साली युद्ध पेटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे शहराबाहेर पेंगझेनला गेलो. तिथलं ग्वानयिन चहाघर पूर्वी देऊळ होतं. मातीची जमीन पावलांनी तुडवून उंचसखल झालेली, भिंतींवर माओच्या काळातल्या घोषणा अजून वाचता येतील अशा, मधोमध कोळशाची चूल आणि तिच्यावर काळ्याकुट्ट किटल्यांची रांग. म्हातारी माणसं अंधारातच येऊन आपापल्या ठरलेल्या बाकावर बसलेली. लांब नळीच्या चिलमीचा धूर छपरातून येणाऱ्या उन्हात निळा दिसत होता. फोटो काढणाऱ्यांची गर्दी वाढली, तरी गावच्या म्हाताऱ्यांसाठी चहाचा दर मुद्दाम अगदी नाममात्र ठेवला आहे. बाहेरच्यांकडून जास्त पैसे घेतात. मी आनंदाने ते दिले, एका आजोबांनी सरकून जागा केली, आणि झाकण बशीला टेकवून मी आणखी पाणी मागितलं.