हॅली सध्या कुठे आहे

९ डिसेंबर २०२३ हा शनिवार होता. त्या दिवशी हॅलीचा धूमकेतू आपल्या कक्षेच्या दूरच्या टोकाला पोहोचला आणि सूर्याकडे परत फिरला. सूर्यापासून जवळजवळ ५२५ कोटी किलोमीटर अंतरावर, नेपच्यूनच्याही पलीकडे, सेकंदाला धड एक किलोमीटरही नाही अशा संथ चालीने. १९८६च्या फेब्रुवारीत सूर्याजवळून जाताना हाच धूमकेतू सेकंदाला ५४ किलोमीटर वेगाने धावत होता. तो वळला ते कुणीही पाहिलं नाही. तरी मी घरात सगळ्यांना आठवणीने सांगितलं आणि संध्याकाळी शिरा केला.

माझी त्याची ओळख झाली तेव्हा मी सातवीत होतो. मार्च १९८६, सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. वडील शाळामास्तर. त्यांनी पहाटे चारला उठवलं आणि खळ्यावर नेलं, कारण तिथून दक्षिणेकडचं आभाळ मोकळं दिसायचं. काढणी झालेल्या शाळूच्या कणसांचा ढीग पायाशी, आणि समोर आग्नेयेला, क्षितिजापासून थोडा वर, कंदिलाच्या काचेला राखेचं बोट लागावं तसा एक पुसट पट्टा. वडिलांनी टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधला होता. त्या उजेडात त्यांनी दोनशे पानी वहीत चार रकाने आखले : तारीख, वेळ, कुठे, केवढा. ‘कुठे’च्या खाली शेजारच्या ताऱ्यांचं चित्र काढलं. ‘केवढा’च्या खाली कोणत्या ताऱ्याहून उजळ आणि कोणत्याहून मंद ते लिहिलं. पुढचे अनेक दिवस ते लिहीत राहिले. ती वही आज माझ्याकडे आहे.

आजी पाठोपाठ खळ्यावर आली होती. तिने पाहिलं आणि मान हलवली. “ह्यो न्हवं. आमच्या वक्ताचं शेंडेनक्षत्र लई मोठं व्हतं.” १९१० साली ती सात-आठ वर्षांची होती. दिवस मावळला की मावळतीला दिसायचं, शेपूट वर उभं, आणि शिवारात शाळू हुरड्याला आलेला, असं ती सांगायची. १९८६चा हॅली फिका होता हे खरंच. सूर्याजवळून गेला तेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होती. १९१०चा हॅली त्याच्या कितीतरी पट देखणा होता. पण १९१०चा हॅली लोकांनी नीट पाहिला तो मे महिन्यात, आणि मे महिन्यात आमच्या शिवारात हुरडा नसतो. त्याच वर्षी जानेवारीत दुसरा एक धूमकेतू अचानक आला होता. सूर्याजवळ असताना तो भर दिवसा दिसला आणि महिन्याच्या अखेरीस संध्याकाळच्या पश्चिमेला लांब शेपूट घेऊन उभा राहिला. आजीने पाहिला तो हा. जगभर कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत हे दोन धूमकेतू असेच एकमेकांत मिसळले होते. आजी गेल्यावर काही वर्षांनी जुन्या नोंदी वाचताना हे माझ्या ध्यानात आलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण दिशा, वेळ आणि पिकाची अवस्था तिने ७६ वर्षं अचूक सांभाळली होती.

‘कुठे’च्या रकान्याचा इतिहास मला कुठल्याही पराक्रमाच्या गोष्टीहून मोठा वाटतो. एडमंड हॅलीने १५३१, १६०७ आणि १६८२च्या धूमकेतूंच्या कक्षा शेजारी शेजारी मांडल्या. त्या जुळल्या. हा एकच धूमकेतू आहे आणि तो १७५८च्या सुमारास परत येईल, असं त्याने सांगितलं, आणि १७४२मध्ये तो वारला. परतीची नेमकी वेळ काढण्याचं काम पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी अंगावर घेतलं. गुरू आणि शनी धूमकेतूला किती ओढतात ते अंशाअंशाने हाताने मोजायचं. कित्येक महिने सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड चालली. उत्तर आलं : या फेरीला ६१८ दिवस जास्त लागणार, १७५९च्या एप्रिलच्या मध्याला धूमकेतू सूर्याजवळ असेल, महिनाभर इकडेतिकडे. तो १३ मार्चला पोहोचला. त्याआधी, १७५८च्या नाताळच्या रात्री, ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने तो पहिल्यांदा टिपला होता. पुढे क्लेरोने पुस्तक छापलं तेव्हा लपोतबाईंचं नाव गाळलं. मला त्याचा अजून राग येतो.

‘केवढा’चा रकाना मी स्वतः भरायला शिकलो १९९७मध्ये, पुण्यात, हेल-बॉप आला तेव्हा. धूमकेतू पसरट असतो आणि तारा टिंबाएवढा, मग दोघांची तुलना कशी करायची? ताराही तेवढाच पसरट करायचा. दुर्बिणीचा फोकस बिघडवून तो करतात, पण हेल-बॉप इतका तेजस्वी होता की माझा मायनस चारचा चष्मा काढला तरी पुरे. वायव्येला धूमकेतू, त्याच्या वर ब्रह्महृदय, नैऋत्येला व्याध. चष्मा उतरवला की तिघंही धुक्याचे गोळे व्हायचे. ब्रह्महृदयाहून उजळ, व्याधाहून मंद. क्षितिजाजवळची हवा प्रकाश खाते तेवढी भर घालायची आणि आकडा लिहायचा. एप्रिलभर मी हेच करत होतो. नोकरी नवीन होती, खोली भाड्याची होती, आणि संध्याकाळचा तो अर्धा तास पूर्ण माझा होता.

पुढे कळत गेलं की हा रकाना कधी वश होत नाही. सूर्यापासूनचं अंतर निम्मं झालं तर धूमकेतू साधारण सोळा पट उजळतो, असा आडाखा आहे. पण २०१३मध्ये आयसॉनकडून केवढ्या अपेक्षा होत्या, आणि तो सूर्याला वळसा घालताना विरून गेला. उलट होम्स नावाचा मामुली धूमकेतू २००७च्या ऑक्टोबरमध्ये, सूर्यापासून लांब जात असताना, दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पट उजळला. कोजागरीच्या आसपासचं टिपूर चांदणं, आणि त्यातही ययातीत तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

मला सगळ्यात भिडलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. वडिलांनी आखलेले ते दोन रकाने खरं तर वेगळे नाहीत. धूमकेतूचं बर्फ उन्हाने वाफ होऊन उडतं, सोबत धूळ नेतं, आणि त्या धुळीवायूंमुळे तो उजळतो. हीच वाफ फुटते तेव्हा धूमकेतूला उलटा धक्काही देते. १९५०मध्ये फ्रेड व्हिपल यांनी हे मांडलं. या धक्क्यामुळे हॅली दर फेरीला नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबापेक्षा सुमारे चार दिवस उशिरा येतो. त्याचं उजळणंच त्याची वाट बदलतं. हे वाचलं तेव्हा वडील हयात होते. मी गावी फोन केला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे केवढा ते कळल्याशिवाय कुठे ते पुरतं कळत नाही.”

२००३मध्ये चिलीतल्या तीन मोठ्या दुर्बिणींनी एकत्र बघून हॅलीचं एक टिंब पकडलं. तेव्हा तो ४२० कोटी किलोमीटर दूर होता आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्यापेक्षाही जवळजवळ शंभर कोटी पट मंद. आता तो वासुकी तारकासमूहाच्या दिशेला आहे. माघ-फाल्गुनात रात्री तो भाग चांगला वर येतो तेव्हा मी मुलीला बोटाने जागा दाखवतो. वहीत एक ओळ लिहितो. ‘केवढा’ कोरा राहतो.

२८ जुलै २०६१ला तो पुन्हा सूर्याजवळ असेल. या वेळी पृथ्वी त्याच्याच बाजूला असणार आहे, त्यामुळे तो ब्रह्महृदयाच्या तोडीचा किंवा थोडा अधिकच तेजस्वी व्हावा. मी सत्त्याऐंशीचा असेन. पण ते दिवस पावसाचे, आणि आमच्या खळ्याच्या दक्षिणेला आता महामार्गाचे दिवे रात्रभर जळतात. मुलगी म्हणते, लडाखला हानलेला जायचं. पाऊस तिथे जेमतेम पोहोचतो, आणि २०२२पासून तिथला अंधार कायद्याने राखलेला आहे. साडेचार हजार मीटर उंचीवर तुम्हाला झेपेल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, महिनाभर आधी लेहमध्ये राहून हवेची सवय करून घेऊ.