खडखड ऐकायची कुणी?

आमच्या तालुक्यात सकाळी सातला शाळेच्या व्हॅन निघतात. निम्म्या तर दिसायच्या आधी ऐकू येतात. ड्रायव्हरला विचारलं की उत्तर ठरलेलं, "भाऊ, जुनी गाडी आहे, वाजणारच."

तसं नसतं राव. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलला उभी करा. क्लच सोडलेला असताना खडखड आणि दाबला की बंद, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. आधी ऑईल बघा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर बहुतेक रिलीज बेअरिंग. एकाच गिअरमध्ये वाजत असेल तर त्या गिअरचे दात तपासा. आणि गाडी उचलताना खालून 'खट्' झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. चालत्या गाडीत तो तुटला तर शाफ्ट रस्त्यावर घासतो. आत लेकरं असतात.

आठ वर्षांवरच्या गाडीची फिटनेस तपासणी वर्षातून एकदा. उरलेले 364 दिवस आवाज ऐकणारा एकटा ड्रायव्हर. गाडी मालकाची, पगार तुटपुंजा, खाडा झाला की पैसे कापले. तो बोलेल कसा?

म्हणून प्रत्येक शाळेनं एक साधी वही ठेवावी. ड्रायव्हरनं आवाज लिहायचा, मालकानं दुरुस्तीची पावती जोडायची, आणि गाडी गॅरेजला असेल त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. पालकांनो, व्हॅनचे पैसे भरताना ही वही मागा. मागितल्याशिवाय कुणी ठेवणार नाही.