दारं धरणारा

आमचे गाव राहुरी तालुक्यातले. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात आबा शेततळे भरायला मोटार लावत आणि विहिरीशेजारीच बाज टाकून निजत. मोटारीच्या घरघरीत बोललेले ऐकू येत नसे, पण आबा खुशाल घोरत. मौज अशी, की त्या घरघरीचा सूर जरा बदलला, तरी ते ताडकन उठून बसत.

2022 च्या जानेवारीत आबा तापाने फणफणले आणि बाजेवर माझी नेमणूक झाली. दोन रात्री त्या आवाजाने डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या रात्री मात्र गाढ झोपलो. नेमका त्याच रात्री एक फेज गेला. मोटार बराच वेळ जड आवाजात गुरगुरली असणार. मला जाग आली ती जळक्या वासाने. मोटार भरून येईपर्यंत नुकताच लावलेला कांदा माना टाकून बसला. आबा एवढेच म्हणाले, "लागते रे झोप." रागावले असते तर बरे वाटले असते.

पुढे नगरला कॉलेजात मानसशास्त्राच्या पुस्तकात या झोपेची गाठ पडली. 1949 साली मोरुझ्झी आणि मॅगून यांनी गुंगीतल्या मांजराच्या मेंदूच्या खोडाला विजेचा सौम्य झटका दिला, तेव्हा मेंदूच्या संथ लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या झाल्या. कानाडोळ्यांकडून आलेले संदेश थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. मला तो पाटावर दारं धरणाऱ्या गड्यासारखा वाटतो. जागेपणी लक्ष असेल त्या वाफ्याला तो पाणी सोडतो. झोपेत बहुतेक दारी मोडून घेतो. पण एखादी फट उरतेच. झोपलेला माणूस परक्या नावापेक्षा स्वतःच्या नावाला अधिक प्रतिसाद देतो, हे ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी 1960 साली प्रयोगाने दाखवले.

म्हणजे आबांचे कान माझ्याहून तिखट नव्हते. पोटाच्या काळजीने त्यांनी एक दारं रात्रभर उघडे ठेवलेले असे. माझी काळजी तेवढी मुरलेली नव्हती.

आता खोलीमागून दौंड-मनमाड मार्गावरच्या गाड्या धडधडत जातात, मला पत्ता नसतो. परवा मात्र रात्री वीज गेली, पंखा थांबला, आणि मी अंधारात चपला शोधू लागलो.

विहिरीवर जायला.