वजाबाकी न करता

क्ष-किरणांच्या वर्णपटातला प्रत्येक काउंट, म्हणजे डिटेक्टरने टिपलेली एकेक नोंद, सारखाच दिसतो. तो कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या वायूतून आला, की उपग्रहाच्या धातूवर वैश्विक किरण आदळल्याने उमटला, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. या सरमिसळीतून स्रोताचा वर्णपट ओळखून काढणं हे माझं काम. ते करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे: बॅकग्राउंड ही वजा करून बाजूला टाकायची गोष्ट नव्हे. तिचंही मॉडेल बांधावं लागतं, आणि स्रोताच्या मॉडेलइतक्याच मनापासून.

कर्जतच्या दहिवलीत राहून हे काम छान होतं. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाची लॅक्सपीसी आणि एसएक्सटी ही उपकरणं कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये घडली, त्यावरच्याच सीझेडटीआय या उपकरणाच्या डेटाचं काम पुण्याच्या आयुकात चालतं, आणि कर्जत या दोहोंच्या मधोमध. आषाढात इथे दिवसचे दिवस आभाळ उघडत नाही, पण आमचं काही अडत नाही. क्ष-किरण तसेही वातावरणातच अडतात. म्हणून तर 28 सप्टेंबर 2015 रोजी ॲस्ट्रोसॅट 650 किलोमीटर उंचीवर पाठवला.

लॅक्सपीसी म्हणजे झेनॉन वायूने भरलेल्या पेट्या. त्या चित्र काढत नाहीत; आकाशाच्या सुमारे एक अंश रुंदीच्या तुकड्यातून जे येईल ते मोजतात. त्यामुळे स्रोताशेजारची रिकामी जागा निवडून तिथलं बॅकग्राउंड घेण्याची सोय नाही. मग रिकाम्या आकाशाकडे वेगळी निरीक्षणं घ्यायची आणि त्यांवरून अंदाज बांधायचा. किराणा दुकानात तेल मोजताना बरणीचा धडा करतात. तो चालतो, कारण मोजणी होईपर्यंत बरणीचं वजन बदलत नाही. आमची बरणी मात्र सतत बदलते. कक्षा विषुववृत्ताशी जेमतेम 6 अंश कललेली असली, तरी दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्याची कड तिला लागतेच. तिथून बाहेर पडल्यावर उपकरणात जागी झालेली किरणोत्सारिता हळूहळू ओसरते. म्हणून उपग्रह कुठे आहे आणि तो पट्टा ओलांडून किती वेळ झाला, हे दोन्ही हिशेबात धरावं लागतं. 2018 मध्ये लॅक्सपीसी 30 ही पेटी बंद करावी लागली, लॅक्सपीसी 10 चंही वागणं बिघडलं. तेव्हापासून बहुतेकांची भिस्त लॅक्सपीसी 20 वर आहे.

काउंट थोडे असले की वजाबाकीचा दोष उघडा पडतो. एका खान्यात स्रोताच्या भागातून 3 काउंट आले आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या बॅकग्राउंडमधून 5, तर उरले उणे 2. उणे फोटॉन नसतो. शिवाय दोन पॉइसाँ संख्यांची वजाबाकी पॉइसाँ राहत नाही, त्यामुळे 1979 मध्ये वेबस्टर कॅश यांनी दिलेलं, कमी काउंटसाठीच असलेलं सांख्यिकी माप तिला लावता येत नाही. सरळ वाट अशी, की मोजलेले काउंट जसेच्या तसे ठेवायचे आणि स्रोत अधिक बॅकग्राउंड असं एकत्र मॉडेल त्यांवर बसवायचं.

एका विद्यार्थिनीने मध्यंतरी एक आलेख दाखवला. दीर्घिकांच्या समूहाचा, एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीच्या पीएन कॅमेऱ्यातला. "मॅडम, 8 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला खड्डा आहे. शोषण असेल का?" समूहाने मधला भाग व्यापलेला, म्हणून तिने बॅकग्राउंड कडेच्या भागातून घेतलं होतं. मी तिला म्हटलं, "अगं, आधी वजाबाकी काढून टाक. दोन्ही वर्णपट वेगवेगळे लाव." कडेच्या वर्णपटात 8 जवळ टोकदार सुळका होता, मधल्यात जवळजवळ काहीच नाही. तो सुळका तांब्याचा. पीएनच्या डिटेक्टरमागच्या इलेक्ट्रॉनिक्स-पट्टीतलं तांबं वैश्विक कणांच्या माऱ्याने चमकतं, आणि मधोमध तेवढं दिसत नाही. म्हणजे जे मध्ये नव्हतंच ते तिने मधून वजा केलं होतं. खड्डा आकाशात नव्हताच.

इथून खरी कारागिरी सुरू होते. आकाशातून आलेलं बॅकग्राउंड आरशांवरून परावर्तित होऊन डिटेक्टरवर पडतं, म्हणून त्याला आरशांचं प्रभावी क्षेत्रफळ लावायचं. वैश्विक कणांनी उमटवलेलं बॅकग्राउंड आरशांकडून येतच नाही, त्याला ते लावायचं नाही. एकाच फिटमध्ये दोन वेगळे रिस्पॉन्स, म्हणजे आलेलं उपकरणात कसं नोंदलं जातं त्याची दोन गणितं, आणि तांब्याच्या रेषेची तीव्रता प्रत्येक भागासाठी स्वतंत्र. पुष्कळ जण इथे घाई करून एकच रिस्पॉन्स सगळ्याला लावतात, आणि मग कणांच्या सपाट वर्णपटावर आरशांचा आकार उमटतो. मला हे फार खटकतं.

आकाशाच्या बॅकग्राउंडला तर मी हेळसांडीचा विषय मानूच शकत नाही. जून 1962 च्या ज्या रॉकेट-उड्डाणात रिकार्दो जाकोनी आणि सहकाऱ्यांना वृश्चिकेतला पहिला क्ष-किरण तारा सापडला, त्याच उड्डाणात सगळ्या दिशांनी येणारं हे अंधुक तेजही सापडलं. त्यातला बराचसा भाग दूरदूरच्या सक्रिय दीर्घिकांचा आहे, हे पुढच्या दुर्बिणींनी दाखवलं.

त्या विद्यार्थिनीचा नवा फिट आला तेव्हा खड्डा गेला होता, पण समूहाच्या तापमानाच्या त्रुटीचा पल्ला पहिल्यापेक्षा रुंद झाला होता. ती थोडी हिरमुसली. मला मात्र ही रुंद त्रुटीच भरवशाची वाटते. बॅकग्राउंडबद्दलची अनिश्चितता पहिल्या फिटने दडवली होती, ती आता आकड्यात उतरली. सध्या ती कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांवर काम करते आहे. ते आरशांवरून आत शिरतात, पण डिटेक्टरवर त्यांचा पसारा क्ष-किरणांपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी तिसरा रिस्पॉन्स लागणार.