गारवा आणि ओल

आमच्या पिढीतल्या शहरी मित्रांना तरुणपणाविषयी विचारले, की ते हटकून एखाद्या रॉक बँडचे नाव घेतात. कुणाला पिंक फ्लॉइडच्या सुरांबरोबर वसतिगृहाची गच्ची आठवते, कुणाला इंडियन ओशनबरोबर पहिले प्रेम. आम्हा दोघांना हे भाग्य लाभले नाही. गेवराईत बँड म्हणजे वरातीपुढचा. त्याच्याही आठवणी आहेत, पण त्या बहुधा दुसऱ्यांच्या लग्नाच्या. आमच्या वाट्याला आली ती एक कॅसेट : ‘गारवा’.

हा अल्बम १९९८ सालचा. शब्द सौमित्र, म्हणजे किशोर कदम यांचे. संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. आधी कवी आपल्याच आवाजात काही ओळी बोलतो आणि त्या बोलण्यातूनच गाणे सुरू होते. आमच्यापर्यंत ती कॅसेट पोचली २००२ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादला विद्यापीठात मराठीचे एम.ए. करताना. भाड्याच्या खोलीत आम्ही तिघे राहत होतो. कॅसेट आणि टेपरेकॉर्डर, दोन्ही तिसऱ्याचे. तोही गेवराई तालुक्यातलाच, गोदाकाठापासून दूरच्या कोरडवाहू पट्ट्यातला.

आज कबूल करायला हरकत नाही, की ही आवड आम्ही वर्गात लपवून ठेवत असू. दिवसा मर्ढेकर आणि ग्रेस यांच्याविषयी गंभीर चेहऱ्याने बोलायचे आणि रात्री दिवा मालवून ‘गारवा’ लावायचा. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ च्या, आमच्याच मराठवाड्याच्या मातीतल्या. त्या आम्ही टिपणे काढून वाचल्या. पाठ मात्र झाली ती मुंबईच्या पावसाची कॅसेट. समीक्षेच्या भाषेत तिला भावविवश म्हणता येईल आणि ते खोटेही ठरणार नाही. पण बाविसाव्या वर्षी, प्रेयसी नसताना, प्रेयसीच्या आठवणीने व्याकूळ होण्याची सोय दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने आम्हाला करून दिली नव्हती.

एकदा टेपात फीत अडकली. पेन्सिल घालून ती परत गुंडाळली, पण तेवढा भाग ताणला गेला. त्या जागी आवाज किंचित खाली जाई आणि लगेच सावरे. आज तेच गाणे मोबाइलवर स्वच्छ ऐकू येते, तेव्हा ती जागा आली की आम्ही दोघेही नकळत थांबतो. तिथे आवाज खाली जात नाही, हेच आम्हाला चुकल्यासारखे वाटते.

२००३ चा पावसाळा मराठवाड्याला कोरडा गेला. जुलैतल्या एका रात्री आभाळ नुसतेच भरून आलेले, खिडकी उघडी, कॅसेट चालू. कवीचे पावसाविषयीचे हळुवार बोलणे संपले आणि तिसरा अंधारातून म्हणाला, “समदं सांगितलं गड्यानं, पण ओल किती गेली ते काही सांगितलं न्हाई.”

आम्ही पोट धरून हसलो. पुढे कितीतरी दिवस वर्गातल्या प्रत्येक पाऊसकवितेवर आम्ही हाच शेरा मारत असू.

तो विनोद नव्हता, हे कळायला आम्हाला दिवाळी उजाडावी लागली. ‘ओल’ हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला भावनेपाशी भेटतो. जाणिवेची ओल, नात्यातली ओल. त्याच्या घरी ती बोटांनी, वितींनी मोजली जात होती. त्या मोजमापावर पेरणी, पेरणीवर देणे, आणि देण्यावर त्याचे एम.ए. अवलंबून होते. कापूस दोनदा पेरून गेला. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती, आईवडील मिळून एक कोयता. ऐन वेळी आई आजारी पडली. उचल फिटायची तर जोडी पुरी हवी. आईच्या जागी तो गेला.

खोली सोडताना त्याने टेप नेला, कॅसेट ठेवली. विकता येण्यासारखी वस्तू तेवढीच होती. शहागडच्या पुलावरून एस.टी. जाताना गोदावरीचे उघडे पात्र पाहिले असेल त्याने. आम्ही त्याला बसस्थानकापर्यंतही पोचवायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी आमची चाचणी होती. कोणत्या विषयाची, ते आता आठवत नाही.

तो पुन्हा वर्गात आला नाही. पुढे पुण्याकडे कंपनीत लागला, तिकडेच स्थिरावला. आम्ही नेट-सेटच्या वाटेने गेवराईला परतलो आणि आता दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या बाकांसमोर मराठी कविता शिकवतो. हजेरीपटावर नावे असतात. मुले ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे घर सांभाळत असतात किंवा फडातच असतात. २०१४ मध्ये ‘फँड्री’ पाहताना डुकरामागे धावणाऱ्या कचरूच्या तोंडून तो ओळखीचा आवाज आला, आणि आम्ही दोघांनी अंधारात एकमेकांकडे पाहिले. एवढी वर्षे जो आवाज आमच्यासाठी फक्त खिडकीतला पाऊस होता, त्यानेही आता उन्हात राबणारा बाप उभा केला होता. तिसऱ्याने तो चित्रपट पाहिला का, हे विचारायचे राहून गेले.

त्याचा फोन वर्षातून एकदा येतो, मृगाच्या सुमारास. गेल्या जूनमध्येही आला. गेवराईला पाऊस झाल्याचे त्याने कुठेतरी वाचले होते. आम्ही उत्साहाने सांगितले, हो, काल रात्री छान झाला, हवेत मस्त गारवा आहे.

“ओल किती गेली?”

आम्हाला सांगता येईना. फोन चालूच ठेवून आम्ही स्टाफरूममधून उठलो, महाविद्यालयामागच्या मोकळ्या रानात गेलो आणि छत्रीच्या टोकाने माती उकरली. वर काळी, खाली लगेच फिकट. बोटे लावून मोजले.

“चार बोटं.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

“मग पेरू नका म्हणावं कुणाला,” तो म्हणाला.